कोळवणचं पाणी

पर्जन्यमापक हे अगदी साधं उपकरण आहे. वर गोल नरसाळं, खाली बरणी, शेजारी काचेचं मोजपात्र. सकाळी साडेआठला बरणीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या रेषेपाशी आणायचा, आकडा वहीत लिहायचा आणि तहसील कचेरीला कळवायचा. महसूल खात्यात मी तलाठी म्हणून लागले, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. शहापूर आणि मुरबाड अशा दोन्ही तालुक्यांत नोकरी झाली आणि पावसाळ्यातला माझा दिवस या आकड्याने सुरू व्हायचा. जुलैत एखाद्या सकाळी बरणी भरून बाहेर सांडलेली असायची, मोजपात्र पुन्हा पुन्हा भरावं लागायचं. आमच्या या दोन तालुक्यांत वर्षाला साधारण २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. सोलापूरकडच्या माणसाला हा आकडा सांगितला की त्याला तो खरा वाटत नाही. त्याच्याकडे ५०० मिलिमीटर वेळेवर पडला तरी ज्वारी घरात येते.

फाल्गुन-चैत्रात त्याच टेबलावर दुसरी फाइल यायची. ग्रामपंचायतीचा ठराव, तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी, विहीर आटल्याचा पंचनामा, पाड्यातली माणसं, गुरं. टँकर मंजूर झाला की माणशी दिवसाला २० लिटर. पंचनाम्याला गेलं की विहिरीच्या तळाशी एखादी मुलगी वाटीने हंडा भरताना दिसायची आणि काठावर तिची आई दोर धरून उभी असायची. एका ठाकूरवाडीत अशाच वेळी एक म्हातारी मला म्हणाली, "मॅडम, पाऊस तुमच्या डब्यात पडला. आमच्या हिरीत नाय पडला." तिचा अंगठा मी पंचनाम्यावर घेतला. हे वाक्य मात्र त्या छापील नमुन्यात कुठेच लिहिता येईना, म्हणून ते माझ्याजवळच राहिलं.

पावसाची वही आणि टँकरची फाइल या दोन गोष्टी सरकारी कामात एकमेकींना कधी भेटत नाहीत. निवृत्तीनंतर मी त्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला लागले, मग जुनी गॅझेटियर, मग हवामानशास्त्रज्ञांचं लेखन. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. इथल्या दुष्काळाचं माप एकूण पावसात नाही. तो कोणत्या नक्षत्रात पडला आणि किती काळ जमिनीत राहिला, यात आहे. आणि हे गणित दीडशे वर्षांत दोनदा बिघडलं. एकदा जंगल आणि नद्या यांची मालकी बदलली तेव्हा. दुसऱ्यांदा आता, हवा तापते आहे तेव्हा.

आधी जमीन सांगते. शहापूर तालुक्याचं जुनं नाव कोळवण. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, तिच्या पायथ्याशी उतरत्या टेकड्या, मध्ये भातखाचरं, माथ्यावर वरकस जमीन, जिथे नाचणी आणि वरी होते. तानसा इथलीच, ती पुढे वैतरणेला मिळते. भातसा, काळू, शाई उल्हासच्या खोऱ्यात जातात. खाली सगळा काळा कातळ. त्यावर हातभर माती, कुठे नुसता मुरूम. पत्र्याच्या छपरावरून उतरावं तसं पाणी या कातळावरून उतरतं आणि थोड्याच दिवसांत वैतरणेच्या नाहीतर वसईच्या खाडीत जातं. जे मागे राहतं ते मातीत, झाडांच्या मुळांत आणि कातळाच्या भेगांत. चैत्रात झरा चालू असतो तो या मागे राहिलेल्या पाण्यावर.

जुन्या लोकांना हे माहीत होतं. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची वाट फुटते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरला चढायचा. वर सातवाहनांची राणी नागनिका हिचा शिलालेख असलेली गुहा आहे, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. पर्यटक तेवढं बघून परततात. मला तिथली टाकी जास्त महत्त्वाची वाटतात. कातळात चौकोनी खोदलेली, आतून गार, भर उन्हाळ्यात पाणी धरून ठेवणारी. ज्या घाटावर पावसाळ्यात धबधब्यांनी वाट दिसत नाही, तिथे माणसांनी छिन्नी-हातोड्याने टाकी खोदली. पाऊस कितीही पडला तरी बैलांचे तांडे उन्हाळ्यात तहानतात, हा अनुभव त्यामागे होता. शहापूरच्या माहुली किल्ल्यावरही टाकी आहेत. १६३६ मध्ये याच माहुलीवर शहाजीराजांना मोगलांपुढे शस्त्र ठेवावं लागलं. त्याच्या जेमतेम चार वर्षं आधी, १६३० ते १६३२ या काळात, दख्खन आणि गुजरात एका भयंकर दुष्काळाने पोळून निघाले होते. त्या काळची लढाई वाचताना हा दुष्काळ विसरून चालत नाही. सैन्य, बैल, दाणावैरण सगळं त्याच्या सावलीत होतं.

दुष्काळ म्हटलं की आमच्या तालुक्यातले लोक पूर्वी घाटाच्या माथ्याकडे बोट दाखवायचे. दुष्काळ वर पडायचा, माणसं खाली यायची. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनची माणसं कोकणात आणि मुंबईत उतरली. माझ्या आजीची सासू छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० मध्ये, जुन्नरकडून आई-बापांबरोबर नाणेघाट उतरून आली. जवळ दोन बैल होते, त्यांना गवत हवं होतं. बैल जगले, कुटुंब इथेच राहिलं, मुलगी मुरबाडच्या कुणबी घरात दिली. आजी सांगायची की सासूबाई शेवटपर्यंत गवताची काडीसुद्धा पेटवू द्यायच्या नाहीत. शेतात पाला-गवत पसरून राब भाजायचा दिवस आला की त्या घरात बसून राहायच्या.

हे दुष्काळ कुठून येतात, याचा शोध लागायला त्याच दुष्काळांनी भाग पाडलं. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मधली. दुसऱ्याच वर्षी पाऊस हरला. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा आणि मोसमी पावसाचा संबंध शोधायला घेतला. छप्पनच्या दुष्काळानंतर, १९०४ मध्ये, गिल्बर्ट वॉकर नावाचे गणिती या खात्याचे प्रमुख झाले. देशभरच्या कचेऱ्यांतून येणारे पावसाचे आकडे आणि जगभरच्या वेधशाळांतले हवेच्या दाबाचे आकडे त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिले. त्यातून १९२० च्या दशकात त्यांना दिसलं की प्रशांत महासागराच्या एका बाजूला हवेचा दाब चढतो तेव्हा दुसऱ्या बाजूला, हिंदी महासागराकडे, तो उतरतो आणि हा चढउतार आपल्या पावसाशी बांधलेला आहे. आज आपण एल निनो म्हणतो ती गोष्ट याच चढउताराची दुसरी बाजू. १८७७, १८९९, १९१८, १९७२, २००९, २०१५, २०२३: ही सगळी एल निनोची वर्षं. साडेआठ वाजता बरणी रिकामी करणाऱ्या कारकुनांच्या पिढ्यांनी हे ज्ञान घडवायला हातभार लावला आहे. मी त्याच रांगेतली आहे, याचा मला अभिमान वाटतो.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ एकट्या हिंदुस्थानचा नव्हता. उत्तर चीन, आफ्रिकेचे काही भाग आणि ब्राझीलचा ईशान्य भाग त्याच काळात उपाशी होते. एकट्या भारतातच अर्ध्या कोटीहून अधिक माणसं मेली असं मानतात. आशिया खंडावर दुष्काळ कसे सरकले याचा नकाशा पुढे झाडांनी दिला. एड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मोसमी आशियाचा दुष्काळ-नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. ३०० हून अधिक ठिकाणच्या झाडांच्या कड्या मोजून त्यांनी सुमारे सात शतकांचा हिशेब मांडला. त्यात १६३८ ते १६४१ चा, चीनमधल्या मिंग राजवटीच्या अखेरीचा दुष्काळ दिसतो. १७५६ ते १७६८ चा दिसतो. १७९० च्या दशकातला दिसतो आणि १८७६ ते १८७८ चा तर ठळक दिसतो. चांगल्या पावसाच्या वर्षी कडी रुंद, कोरड्या वर्षी अरुंद, हे त्यामागचं ढोबळ तत्त्व.

हे वाचताना मला सर्वांत जवळची वाटलेली गोष्ट अशी की या कामाच्या भारतातल्या सुरुवातीत आमच्या जिल्ह्याचा साग आहे. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांना वर्षाची स्पष्ट कडी पडत नाही, सागाला पडते, कारण तो उन्हाळ्यात पानं गाळून थांबतो आणि पाऊस आला की पुन्हा वाढायला लागतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे परिसरातल्या सागाच्या कड्या आणि इथलं हवामान यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शहापूर-मुरबाडच्या माणसाने साग आयुष्यभर पाहिलेला असतो: वखारीत, घराच्या आढ्याला, चोरट्या तोडीच्या गुन्ह्यात. त्या खोडात गेल्या शतकाचा पाऊस लिहून ठेवलेला आहे, हे शाळेत आम्हाला कोणी सांगितलं नाही. आता तरी सांगावं.

सागावरून जंगलाकडे येते, कारण पाणी धरून ठेवायचं काम तेच करत होतं. १८५५ मध्ये आगगाडी वासिंदपर्यंत आली, १८६१ मध्ये कसाऱ्याला पोचली, १८६५ मध्ये थळघाट चढून इगतपुरीला गेली. रुळांखालच्या पाट्यांना लाकूड हवं, मुंबईच्या चुलींना कोळसा हवा, घरांना वासे हवेत. १८७८ च्या जंगल कायद्याने उरलेल्या जंगलाभोवती सरकारी हद्द पडली. शेतकऱ्याची अडचण राबाची होती. आमच्याकडे भाताची रोपं करायच्या तुकड्यावर फांद्या-पाला, शेण, गवत यांचे थर पसरून ते उन्हाळ्यात भाजतात, मग मृगाच्या तोंडावर धूळपेर करतात. पाल्यासाठी जंगलात जावं लागतं. सरकारने ती वाट अडवली तेव्हा ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांतून इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारने जंगल आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ चा. राबाने जंगलाचं किती नुकसान होतं यावर तेव्हाच्या साहेबांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. वखारींकडे गेलेल्या लाकडाचं वजन त्यांना तेवढं जाणवलं नाही, असं मला ते वाद वाचताना सतत वाटतं. फांद्या छाटलेलं झाड पुढच्या वर्षी फुटतं. बुंध्याशी तोडलेलं झाड डोंगरावरची माती सोडून देतं, आणि माती गेली की पावसाला थांबायला जागा उरत नाही.

याच वर्षांत मुंबई तहानलेली होती. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्ही शहराला पुरेनात. नजर शहापुराकडे वळली. तानसा नदीवर दगडी धरण बांधून १८९२ मध्ये ते सुरू झालं, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन आले होते. सुमारे पावणेतीन किलोमीटर लांबीचं हे धरण त्या काळातल्या सर्वांत लांब दगडी धरणांमध्ये गणलं जाई. तिथून पाणी आपल्या उताराने मुंबईला जातं. काम उत्तमच आहे, सव्वाशे वर्षांनंतरही भिंत भक्कम उभी आहे. ज्या पाथरवटांनी ते दगड घडवले त्यांचं कौतुक मी कमी करणार नाही. पण त्या दिवसापासून कोळवणातल्या पाण्याचा पहिला हक्कदार बदलला.

पुढे ही वाट रुंदच होत गेली. १९५० च्या दशकात वैतरणेवर धरण झालं, अभियंता मोडक यांच्या नावाने आज ते मोडकसागर म्हणून ओळखतात. १९७३ मध्ये इगतपुरी तालुक्यात ऊर्ध्व वैतरणा. १९८० च्या दशकात भातसा, ज्यातून आज मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी जातं. गेल्या दशकात मध्य वैतरणा. मुरबाडच्या हद्दीला बारवी, औद्योगिक वसाहतींसाठी आणि कल्याण-बदलापूर पट्ट्यासाठी. मुंबईला पाणी देणारे तलाव सात, त्यांतले तानसा, मोडकसागर आणि भातसा हे तीन शहापूर तालुक्यात. तानसाच्या जाड नळवाहिन्यांच्या शेजारून हंडे घेऊन चालणाऱ्या बायांचे फोटो दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात येतात. शहरातल्या इमारतीत माणशी १३५ लिटरचा हिशेब, टँकरच्या पाड्यात २० लिटरचा. मुंबईला पाणी देऊ नये असं मी कधी म्हणणार नाही. आमच्या घराघरातली पोरं तिथेच कामाला आहेत, चाळीत राहतात, तेच पाणी पितात. धरण बांधताना वरच्या अंगाच्या पाड्यांसाठी एक पाइप काढून ठेवावा, एवढी गोष्ट दर वेळी राहून गेली, याचं दुःख आहे. आता शहापूरच्या टंचाईच्या गावांना इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून पाणी आणायची योजना हाती घेतली आहे. तीन धरणांच्या तालुक्याला पाणी शेजारच्या जिल्ह्यातून.

१९७२ चा दुष्काळ मी शाळकरी वयात पाहिला. रेशनवर लाल मिलो मिळायची, तिची भाकरी वळायची नाही. शाळेत सुकडी मिळायची. घाटावर लाखो माणसं खडी फोडायला बसली होती, त्यातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. मुरबाडात भात कमी आलं तरी अगदीच गेलं नाही. पौषात म्हशाच्या खांबलिंगेश्वराच्या जत्रेत गुरांचा मोठा बाजार भरतो. त्या वर्षी घाटावरचे बैल मिळेल त्या किमतीला विकले गेले, असं आजोबा सांगायचे. तोवर दुष्काळ म्हणजे वरून उतरून येणारी गोष्ट, हीच आमची समजूत होती.

सरकारही दुष्काळ पिकावरून मोजतं. इंग्रजांच्या काळी आणेवारी होती: सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण, त्यावरून साऱ्यात सूट. नंतर तीच पैसेवारी झाली. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा आखायचा, कापायचा, झोडायचा, दाणे वजन करायचे. डिसेंबरात अंतिम पैसेवारी लागते आणि ५० पैशांच्या आतली गावं टंचाईची ठरतात. ही पद्धत मी अनेक वर्षं राबवली आणि देशावरच्या गावांसाठी ती उपयोगाची आहे. आमच्याकडे भात कार्तिकात खळ्यावर येतं, पैसेवारी चांगली निघते, आणि विहीर फाल्गुनात आटते. म्हणजे दुष्काळ येतो तो मोजणी संपल्यावर. कागदावर आमचा तालुका सुकाळातला राहतो.

आता हवेकडे येते. मी नोकरीला लागले तेव्हाची जुनी माणसं पाऊस नक्षत्रांवरून सांगायची. मृगात पेर, आर्द्रा-पुनर्वसूत लावणी, पुष्य-आश्लेषात झड, उत्तरा-हस्तात गरव्या भाताचं पोट भरणारा पाऊस. भाताचे हळवं, निमगरवं आणि गरवं असे तीन प्रकार. गरवं उशिरा येतं, त्याला हस्ताचा पाऊस लागतो. तोच पाऊस झऱ्यांनाही शेवटचं भरणं देतो आणि भातामागे ओलीवर पेरलेल्या वालाला उभं करतो. माझ्या वह्यांमध्ये हंगामाची बेरीज फारशी घसरलेली नाही. बदलली ती तिची मांडणी. बऱ्याच दिवसांचं कोरडं पान आणि मग दोन-तीन सकाळी शंभराच्या वरचे आकडे. हवामान खात्याच्या व्याख्येत अडीच मिलिमीटर पाऊस पडला की तो पावसाचा दिवस, आणि महसूल खात्याच्या लेखी मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी. अतिवृष्टीच्या नोंदी कळवताना तालुक्याच्या फोनवर पूर्वी घाई असायची, पुढे पुढे तो रोजचाच मजकूर झाला.

हे एकट्या मुरबाडचं नाही, हे मला रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या अभ्यासातून कळलं. तेही पुण्याच्या त्याच उष्णदेशीय संस्थेतले. २०१७ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्याच काळात हंगामाचा एकूण पाऊस मात्र घटत होता. या पावसाची वाफ अरबी समुद्रातून येते. पश्चिम हिंदी महासागर गेल्या शतकात उन्हाळी महिन्यांत सुमारे १.२ अंशांनी तापला आहे. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते. म्हणजे सोडते तेव्हा एकदम सोडते, आणि धरून बसते तेव्हा जमिनीतली ओलही ओढून घेते. एकाच कारणाने पूर आणि कोरड. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ठाणे जिल्ह्यात भातखाचरांचे बांध वाहून गेले. २००९ चा मोसमी हंगाम १९७२ नंतरचा सर्वांत कोरडा ठरला, त्या वर्षी मुंबईतही पाणीकपात झाली. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. आणि २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत आला. त्या आठवड्यात आमच्या गावात राब भाजायचे राहिले होते, पेंढा उघड्यावर होता आणि वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबं अजून परतायची होती. कच्च्या विटांचा चिखल झाला आणि त्यांचा हिशेब अडकला.

हवामान खात्याने २०२० मध्ये पावसाच्या तारखाच नव्या केल्या. मुंबईतून मोसमी पाऊस परतायची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबर होती, ती ८ ऑक्टोबर झाली. पाऊस जास्त दिवस थांबला तर झरे भरायला हवेत, असं कोणाच्याही मनात येईल. पण ऑक्टोबरात येतो तो आता विजांसकट तासाभराचा मारा. २०१९ च्या ऑक्टोबरात कापून पसरलेलं भात खाचरात भिजलं, लोंब्यांना मोड आले. शेतकऱ्याने गरवं सोडून हळवं धरलं होतं ते लवकर मोकळं व्हावं म्हणून; तेच हळवं या पावसात सापडलं. आणि जो पाऊस धो-धो पडून तासात ओढ्याला लागतो, तो कातळाच्या भेगेत उतरत नाही. भेगेत उतरायला रिमझिम लागते, दिवसच्या दिवस लागते.

शास्त्रज्ञ असंही सांगतात की पुढच्या काळात दक्षिण आशियात मोसमी पावसाची बेरीज वाढेल. आंतरसरकारी हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालात ते आहे, आणि वर्षावर्षातला चढउतारही वाढेल हेही आहे. म्हणजे आमच्या वहीतले आकडे आणखी मोठे होतील, एल निनोच्या वर्षी पाऊस हरेल ते वेगळंच, आणि चांगल्या पावसाच्या वर्षीही टँकरची फाइल उघडेल. खंडाच्या नकाशावर शहापूर-मुरबाड हिरवेच रंगवले जातील. पाड्यातल्या बाईची पायपीट त्या रंगात दिसणार नाही.

उपाय म्हणून पुन्हा धरणच पुढे येतं. मुरबाड तालुक्यात काळू नदीवर महानगरासाठी धरण बांधायचं काम २०११ मध्ये सुरू झालं. बुडणाऱ्या जंगलाची आणि आदिवासी गावांची बाजू घेऊन श्रमिक मुक्ती संघटना न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. आता त्याची चर्चा पुन्हा सुरू आहे. त्या धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरावर अजून दाट झाडी आहे, तिच्यामुळे काही झरे वैशाखापर्यंत चालतात. ते जंगल पाण्याखाली घालून मिळणारं पाणी आणि ते राखून मिळणारं पाणी, या दोहोंचा हिशेब एकाच कागदावर कोणीतरी मांडायला हवा. तो मांडायचा तर झऱ्यांच्या नोंदी लागतील, आणि त्या कोणत्याच कचेरीत नाहीत. मंडळाला एक पर्जन्यमापक, आता स्वयंचलित केंद्रही. झऱ्याला काहीच नाही.

म्हणून आमच्या भागातल्या काही पाड्यांत आम्ही नोंदवह्या सुरू केल्या आहेत. आठवी-नववीच्या मुली त्या भरतात, त्यांच्या आया आणि आज्या तोंडी सांगतात. रकाने असे पाडले आहेत: झऱ्याचं किंवा विहिरीचं नाव, हंगामातला शेवटचा भिजपाऊस कोणत्या नक्षत्रात झाला, हंडा भरायला किती वेळ लागतो, दर पौर्णिमेला मोजून, पाणी आटलं ती तिथी, टँकर आला ती तारीख. पहिल्या वर्षी बायांनी आणखी एक रकाना मागून घेतला. पाणी परत कधी आलं, मृगाच्या पहिल्या सरीला की लावणी उरकल्यावर. काही झऱ्यांसमोर तिथे आर्द्रा लिहिलेलं आहे, काहींसमोर पुष्य. पुष्य लिहिलेल्या झऱ्यांच्या वरचा डोंगर बघायला आम्ही या हिवाळ्यात जाणार आहोत.